तिथी, तारीख आणि जिलेबी

पंचवीस जानेवारीची रात्र उतरली की कोल्हापूरच्या चौकाचौकांत मांडव पडायला लागतात. लोखंडी भट्ट्या, पसरट कढया, पाकाची पातेली, आंबवून ठेवलेलं मैद्याचं पीठ, वर दिव्यांच्या माळा. परगावच्या माणसाला वाटावं, उद्या इथं कुठल्या तरी पिराचा उरूस आहे. पहाटेपासून जिलेबी पडायला लागते आणि शाळांचं झेंडावंदन आटपेपर्यंत तिचे ढीग लागलेले असतात. गणवेशातली पोरं, इस्त्रीचा सदरा चढवून निघालेले आजोबा, रात्रपाळी करून परतणारे कामगार, सगळ्यांच्या हातात पुडा. घरात जिलेबी आली नाही तर सव्वीस जानेवारी झाल्यासारखी वाटत नाही. पंधरा ऑगस्टलाही हेच, फक्त डोक्यावर ताडपत्री आणि पायाखाली चिखल.

ही प्रथा कुणी पाडली याची कथा पेठेगणिक बदलते, आणि सांगणाऱ्याच्या पेठेचा मान तिच्यात नेहमी पहिला असतो. मला त्या कथांपेक्षा एक तारीख जास्त महत्त्वाची वाटते. १५ ऑगस्ट १९४७ ला कोल्हापूर हे संस्थान होतं. गादीवर छत्रपती शहाजी महाराज होते. माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार यांच्या प्रजापरिषदेचा लढा संपायचा होता. संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं ते १ मार्च १९४९ ला. म्हणजे स्वातंत्र्यदिन या गावाकडं थोडा वळसा घालून आला. त्याच गावानं राष्ट्रीय सण असा घरचा करून घेतला. सुट्टी दिल्लीनं दिली, पदार्थ गल्लीनं ठरवला. शासनाच्या कुठल्याही परिपत्रकात जिलेबी नाही.

सरकारची सुट्टी आणि लोकांचा सण यांच्यातलं हे देणंघेणं कसं चालतं, ते बघायला मी कोल्हापूरच्या वर्षाशेजारी दुसऱ्या एका देशाचं वर्ष ठेवलं. तो देश व्हिएतनाम. मराठी माणसाला व्हिएतनाम आठवतो तो बहुधा मोबाइलवर फिरणाऱ्या एका गोष्टीमुळं: अमेरिकेला हरवणाऱ्या त्या देशानं शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यापासून धडा घेतला, त्यांचे मंत्री रायगडावरची माती घेऊन गेले, वगैरे. ती गोष्ट बाजूला ठेवू. महाराजांना तिची गरज नाही आणि व्हिएतनामी लोकांनाही नाही. माझं कारण साधं आहे. तिथंही माणसं एकाच वेळी दोन वर्षं जगतात, एक चंद्राचं आणि एक सरकारी तारखांचं. आणि त्या दोघांत कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न तिथंही दर वर्षी नव्यानं सुटतो.

त्यांचा सगळ्यात मोठा सण म्हणजे टेट, चांद्रवर्षाचा पहिला दिवस. तो २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान येतो. आपल्या पंचांगात बघाल तर पौष किंवा माघ अमावास्येच्या आसपास. आपल्याकडं अमावास्या संपल्यावर शुद्ध प्रतिपदा, त्यांच्याकडं अमावास्या ज्या दिवशी घडते तोच महिन्याचा पहिला दिवस. त्यामुळं टेट गुढीपाडव्याच्या आधी कधी एक महिना, कधी दोन महिने येतो. २०२५ मध्ये टेट २९ जानेवारीला आणि पाडवा ३० मार्चला होता. २०२६ मध्ये टेट १७ फेब्रुवारीला आणि पाडवा १९ मार्चला.

ही एका महिन्याची खोट कुठून येते? अधिक महिन्यातून. बारा चांद्रमास सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी कमी भरतात, ते अंतर भरून काढायला एकोणीस वर्षांत सात महिने जादा घालावे लागतात. हे गणित दोन्हीकडं सारखं आहे. नियमही जवळपास एकच: आपल्याकडं ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही तो अधिक, त्यांच्याकडं सूर्याच्या वाटेचे बारा टप्पे धरले आहेत आणि ज्या महिन्यात त्यातला एकही टप्पा पडत नाही तो जादा. फरक एवढाच, की आपली रास स्थिर ताऱ्यांवरून मोजतात आणि त्यांचे टप्पे संपातापासून. तेवढ्या फरकानं अधिक महिने वेगवेगळ्या जागी पडतात. २०२३ मध्ये आपल्याकडं अधिक श्रावण होता, त्यांच्याकडं दुसरा महिना दोनदा आला. २०२५ मध्ये त्यांचा सहावा महिना दोनदा आला आणि आपलं वर्ष सरळ गेलं. म्हणून एक गंमत घडली. त्यांच्या आठव्या महिन्याची पौर्णिमा, म्हणजे पोरांनी कंदील घेऊन मिरवायची रात्र, ६ ऑक्टोबर २०२५ ला आली. त्याच रात्री कोल्हापुरात गच्चीवर दूध आटत होतं. कोजागरी होती. २०२६ मध्ये आपल्याकडं अधिक ज्येष्ठ, त्यामुळं तीच कंदिलांची रात्र २५ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दिवशी. तिकडं हातात कंदील आणि इकडं तुकाराम माळी तालमीचा मानाचा गणपती पुढं घालून निघालेली मिरवणूक.

पंचांग ही बिनराजकारणाची गोष्ट आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यानं १९६८ चा टेट बघावा. व्हिएतनाम तेव्हा दोन तुकड्यांत होता. उत्तरेकडच्या सरकारनं पंचांगासाठी हनोईची वेळ धरायचं ठरवलं. दक्षिण जुन्याच हिशोबानं चालली. अमावास्येचा क्षण मध्यरात्रीच्या इतका जवळ होता, की घड्याळ एका तासानं सरकताच दिवस बदलला. उत्तरेत टेट २९ जानेवारीला झाला, दक्षिणेत ३० ला. त्याच टेटच्या रात्री दक्षिणेतल्या शहरांवर तो प्रसिद्ध हल्ला सुरू झाला. पुढं १९८५ मध्ये तर या एका तासामुळं व्हिएतनामचा टेट चीनच्या नववर्षाच्या महिनाभर आधी आला. एकादशी स्मार्त की भागवत, यावरून आपल्याकडं घरात जे चालतं ते दोन सरकारांनी केलं.

टेटच्या आधी, बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी, चुलीचा देव माशावर बसून स्वर्गात जातो आणि घरात वर्षभर काय चाललं होतं ते सांगून येतो अशी समजूत आहे. त्यासाठी माणसं नदी-तळ्यात जिवंत मासे सोडतात. त्याच सुमाराला जुन्या रीतीनं दारात एक उंच बांबू उभा करायचा, त्याच्या शेंड्याला पानं, ताईत, घंटा बांधायच्या आणि नववर्षाच्या सातव्या दिवशी तो उतरवायचा. त्याला नेउ म्हणतात. देव घरात नसतात तेवढ्या काळात भुताखेतांनी फिरकू नये म्हणून हा बांबू.

गुढी आणि नेउ यांचं नातं जोडायचा मोह मी आवरतो. बांबू उंच असतो आणि सहज मिळतो, एवढ्यानंही दोन देशांना एकच कल्पना सुचू शकते. पण कोल्हापूरकराला उंच काठीचं जे वेड आहे ते मात्र मान्य केलं पाहिजे. पाडव्याची गुढी सूर्यास्ताच्या आत उतरते आणि लगेच पंधरा दिवसांत जोतिबाच्या सासनकाठ्या निघतात.

वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला जे होतं त्याला यात्रा हा शब्द तोकडा पडतो. गावोगावच्या काठ्या, कित्येक तर दोन-तीन मजली घराच्या वर जाणाऱ्या, तोरण्यांच्या दोरांवर तोलत नाचवत आणायच्या. मधे काठी धरणारा एक, भोवती दोर ताणणारे चौघे-सहाजण. एकाचा अंदाज चुकला तर काठी गर्दीत. गुलालानं डोंगर, देऊळ, माणसं, चपला, नोटा सगळं एका रंगाचं झालेलं. खोबऱ्याच्या वाट्या उधळल्या जातात, दवण्याचा वास, आणि ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’. दुपारनंतर काठ्यांची मिरवणूक यमाईच्या देवळाकडं निघते. सगळ्यात पुढं असते सातारा जिल्ह्यातल्या पाडळीची काठी. तिचा मान पहिला. का, याचं उत्तर पाडळीकरांकडं आहे आणि ते ऐकायला वेळ काढून बसावं लागतं. मुद्दा असा, की पाडळीतल्या माणसाला त्या दिवशी डोंगरावर जावंच लागतं. सुट्टी असो, नसो, पेपर असो, लग्न असो. काठी गावाची आहे आणि ती पुढं उभी राहिली नाही तर मागच्या काठ्या हलणार कशा?

याच चैत्रात, निदान काही वर्षी, व्हिएतनामात हुंग राजांचा दिवस येतो. तिसऱ्या चांद्रमासाचा दहावा दिवस. २०२५ मध्ये तो ७ एप्रिलला होता आणि जोतिबाची यात्रा १२ ला. हुंग राजे म्हणजे त्या देशाचे आद्य पुरुष, निम्मे इतिहासातले आणि निम्मे पुराणातले. हनोईच्या वायव्येला फू थो भागात न्गिया लिन्ह नावाच्या डोंगरावर त्यांची देवळं आहेत. आसपासची गावं पालख्या घेऊन, नैवेद्य घेऊन डोंगर चढतात. नैवेद्यात चौकोनी बान्ह चुंग असतो: चिकट तांदूळ, मुगाची डाळ, डुकराचं मांस, सगळं रुंद पानात घट्ट बांधून रात्रभर उकडलेलं. ही जत्रा जुनी. पण तिला देशभर पगारी सुट्टी मिळाली ती २००७ मध्ये, आणि २०१२ मध्ये युनेस्कोनं या पूजेला आपल्या वारसा यादीत घेतलं. साम्यवादी राजवटीनं राजांच्या पूजेला सुट्टी द्यावी यात विसंगती शोधणाऱ्यांना शोधू द्या. राज्याला स्वतःसाठी पूर्वज हवे असतात, आणि ते सगळ्यात आधी जत्रेत सापडतात.

कोल्हापुरात याचा नमुना दसऱ्याला दिसतो. विजयादशमीच्या संध्याकाळी दसरा चौकात अंबाबाईची, तुळजाभवानीची आणि गुरुमहाराजांची पालखी येते. नव्या राजवाड्यातून छत्रपतींची मेबॅक मोटार निघते. राजाराम महाराजांच्या काळातली ती गाडी बघायला निम्मी पोरंटोरं येतात. लकडकोटात आपट्याची पानं रचलेली असतात, पूजा होते, आरती होते, बंदुकीच्या फैरी झडतात, आणि त्या क्षणी शिस्तीत उभी असलेली सगळी गर्दी एकदम त्या पानांवर तुटून पडते. सोनं लुटायचं म्हणजे लुटायचंच. वाटलेलं सोनं चालत नाही. संस्थान जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पण त्या दहा मिनिटांत राजाचं काम राजाला, पुजाऱ्याचं पुजाऱ्याला, आणि लुटायचं काम प्रजेला.

अलीकडं जिल्हा प्रशासन आणि पर्यटन खातं या सोहळ्याला महोत्सव म्हणून हाताशी धरत आहे. रोषणाई, पारंपरिक वेशाचे दिवस, स्पर्धा, सांस्कृतिक कार्यक्रम. त्यात वाईट काही नाही, हॉटेलं भरतात, रस्ते धुतले जातात. माझी शंका वेगळी आहे. महोत्सवात माणसाला खुर्ची मिळते आणि खुर्चीतल्या माणसाला काम नसतं. सोनं लुटणारा हात खुर्चीत बसला की दसरा बघण्याची गोष्ट होतो. अजून तसं झालेलं नाही. फैरी झडल्यावर पहिल्या रांगेतले पाहुणेही ढकलले जातात, हे मला फार आश्वासक वाटतं.

दसरा चौकाबद्दल आणखी एक सांगायला हवं. राजर्षी शाहूंनी निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, त्यांतलं मुस्लिम बोर्डिंग याच चौकात आहे. ईदची मोठी नमाज त्या बोर्डिंगच्या मैदानावर होते. लिंगायत समाजाचा चित्रदुर्ग मठही इथंच. मोर्चे इथंच जमतात, धरणी इथंच धरली जातात, टोलविरोधी असोत की मराठा आरक्षणाची. एका चौकावर इतक्या सणांचा आणि इतक्या रागांचा हक्क असणं ही कोल्हापूरची खरी श्रीमंती आहे, तांबडा-पांढरा रस्सा त्यानंतर.

नवरात्रातच ललिता पंचमीला अंबाबाई शहर सोडून त्र्यंबोलीच्या, म्हणजे आमच्या टेंबलाईच्या, भेटीला टेकडीवर जाते. रुसलेल्या सखीची समजूत काढायला जाते अशी कथा. तिथं गुरव घराण्यातली कुमारिका त्रिशुळानं कोहळा फोडते आणि त्याच्या फोडींसाठी पुन्हा तीच झोंबाझोंबी. अष्टमीच्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते, वाटेवर गल्ल्यागल्ल्यांनी रांगोळ्या घातलेल्या. नऊ दिवस रोज निराळ्या रूपात देवीची पूजा बांधली जाते. पूजा बांधणारे ठरलेले, पालखी उचलणारे ठरलेले, दिवट्या धरणारे ठरलेले.

हे वाचून ज्यांना चाम लोकांची आठवण येईल असे वाचक थोडेच असतील, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मध्य आणि दक्षिण व्हिएतनामच्या किनाऱ्यावर हजारभर वर्षं चंपा नावाचं राज्य होतं. तिथले शिलालेख संस्कृतात आणि चाम भाषेत, त्यांवरची वर्षं शक संवताची. ‘मी सन’ इथल्या त्यांच्या शिवमंदिरांची दुरुस्ती आपल्या पुरातत्त्व खात्यानं केली आणि मे २०२० मध्ये तिथं काम करताना नवव्या शतकातलं एक अखंड शिवलिंग मिळालं, ती बातमी अनेकांनी वाचली असेल. चंपाचं दक्षिणेकडचं राज्य पांडुरंग; आजचं फान रांग शहर तिथलंच. (पंढरपूरशी संबंध जोडायला धावू नका.) न्हा त्रांग गावात समुद्राजवळच्या टेकडीवर पो नगर ही देवी आहे, जुन्या लेखांत तिला भगवती म्हटलं आहे. आज तिची पूजा चाम लोक करतात आणि व्हिएतनामी लोकही आपली आई म्हणून करतात. तिची मोठी जत्रा तिसऱ्या चांद्रमासाच्या वद्य पक्षात भरते.

चाम हिंदूंचा, ज्यांना तिथं बालामोन म्हणतात त्यांचा, सगळ्यात मोठा सण म्हणजे काते. तो चाम पंचांगाच्या सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, साधारण सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात येतो, आपल्या नवरात्राच्या आगेमागे. फान रांगजवळ पो क्लोंग गराई नावाच्या राजाचं विटांचं देऊळ आहे. राजाच देव झालेला. काते सणाला देवळाचं दार उघडतात, मूर्तीला स्नान घालतात आणि वस्त्रं चढवतात. पण ती वस्त्रं देवळात नसतात. ती डोंगरात राहणाऱ्या राग्लाई या वेगळ्या जमातीकडं जपलेली असतात. सणाच्या आदल्या दिवशी राग्लाई माणसं वाजतगाजत ती खाली घेऊन येतात, तेव्हा सण सुरू होतो. चाम लोकांकडं देव आहे, पुजारी आहेत, देऊळ आहे. कपडे मात्र शेजाऱ्याकडं.

पाडळीची काठी, गुरवांची मुलगी, राग्लाईंकडची वस्त्रं. सण कशानं टिकतो याचं मला सापडलेलं उत्तर यात आहे. श्रद्धा असतेच, पण श्रद्धेला दांडी मारता येते. मान अंगावर असला की दांडी मारता येत नाही.

आता सरकारी तारखांकडं येतो. तिथं मानापमान नसतो असं नाही, फक्त भांडण कागदावर होतं. शिवाजी महाराजांची जयंती घ्या. राज्य सरकारनं १९ फेब्रुवारी ही तारीख धरली. फाल्गुन वद्य तृतीयेचा तिथीप्रमाणे उत्सव करणारे आहेत. आणि कोल्हापुरातल्या जुन्या पेठांची परंपरा वैशाख शुद्ध द्वितीयेची, अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवसाची. इतिहासकारांचा वाद केव्हाच मिटला असेल. पेठांनी आपला दिवस सोडला नाही. त्या दिवशी शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेत जन्मकाळ होतो, पाळणा हलतो, संध्याकाळी मिरवणुका निघतात. एका राजाचे तीन वाढदिवस करणाऱ्या गावाला कुणी हसेल. मला त्यात आळस कुठंच दिसत नाही.

शाहू महाराजांच्या बाबतीत उलटं झालं. त्यांची जन्मतारीख अनेक वर्षं २६ जुलै १८७४ धरली जायची. संशोधनानंतर २६ जून ठरली आणि गावानं ती निमूटपणे बदलून घेतली. २६ जुलै या दिवसाला तसंही स्वतःचं वजन आहे: १९०२ मध्ये याच तारखेला मागास वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम निघाला. २६ जून आता राज्यभर सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. दिंड्या निघतात, चित्ररथ निघतात, भाषणं होतात आणि भाषणांत तीच पाच वाक्यं येतात. पण ६ मे २०२२ ला, महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली त्या दिवशी, सकाळी दहा वाजता कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी थांबलं. रिक्षा, केएमटीच्या बसगाड्या, भाजी घेणाऱ्या बायका, चौकातले पोलिस. सरकारी स्मृतिदिनाला गावानं स्वतःचा विधी लावला तो असा, आणि तोही काहीच न करण्याचा. सतत हॉर्न वाजवणाऱ्या गावासाठी हा जिलेबीपेक्षा अवघड प्रकार.

व्हिएतनामचा राष्ट्रीय दिवस २ सप्टेंबर. १९४५ मध्ये हनोईच्या बा दिन्ह चौकात हो चि मिन्ह यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं तो दिवस. योगायोग असा, की ते वारले १९६९ मध्ये, २ सप्टेंबरलाच. देशाच्या आनंदाच्या दिवशी दुखवटा नको म्हणून त्यांच्या निधनाची तारीख ३ सप्टेंबर जाहीर झाली आणि खरी तारीख सरकारनं मान्य केली ती वीस वर्षांनी, १९८९ मध्ये. तिकडं तारीख सरकारच्या सोयीनं सरकली, आणि लोक तीच धरून चालले. २०२५ मध्ये ऐंशीव्या वर्षानिमित्त बा दिन्ह चौकात मोठं संचलन झालं आणि सरकारनं प्रत्येक नागरिकाला एक लाख डाँग भेट दिले. ऐकायला भरभक्कम, आपले तीनशे-साडेतीनशे रुपये. जिलेबीचा पुडा येईल फार तर.

तारखेचा सण नेहमी सगळ्यांचा नसतो, हे मात्र कोल्हापूरला शेजारून शिकायला मिळालं. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि बेळगाव, निपाणी, कारवारचा मराठी भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. कर्नाटकात १ नोव्हेंबर हा राज्योत्सव. लाल-पिवळे झेंडे, मिरवणुका. त्याच दिवशी बेळगावातली मराठी माणसं काळा दिवस पाळतात, काळे कपडे घालून सायकल फेरी काढतात. कोल्हापूरपासून निपाणी तासाभराच्या आत, बेळगाव दोन-अडीच तासांवर. दर वर्षी इकडचे नेते तिकडं निघतात आणि कोगनोळी नाक्यावर अडवले जातात, हाही आता त्या दिवसाचा विधीच झाला आहे. व्हिएतनामात ३० एप्रिल असाच आहे. १९७५ मध्ये सायगाव पडलं, देश एक झाला. तिथं तो विजयाचा दिवस, लगेच १ मेची सुट्टी जोडून येते आणि माणसं समुद्रावर जातात. पण ज्यांना देश सोडून अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला जावं लागलं त्यांच्या वस्त्यांत ३० एप्रिल काळा. जुना पिवळा झेंडा, त्यावर तीन लाल पट्टे, अर्ध्यावर उतरवतात.

१ मे आपल्याकडं महाराष्ट्र दिन. १९६० मध्ये संयुक्त महाराष्ट्र झाला. २०१७ च्या महाराष्ट्र दिनाला कोल्हापूरच्या पोलिस उद्यानात ३०३ फूट उंच खांबावर तिरंगा चढला. जोतिबाच्या सगळ्या काठ्यांना खाली बघायला लावणारी उंची. पण त्याला दोर धरायला गावातलं कुणी लागत नाही, मोटार लागते. म्हणूनच असेल, १ मेला अजून पदार्थ मिळालेला नाही.

ज्यांना सरकारनं कधी सुट्टी दिली नाही असे सणही आहेत आणि ते धडधाकट आहेत. बेंदूर कोल्हापुरात दोनदा होतो. ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमाराला कर्नाटकी, आषाढ पौर्णिमेच्या सुमाराला महाराष्ट्रीय. सीमा सण मोजते ती अशी. बैलांची शिंगं रंगतात, कर तोडायला बैल पळवतात. ज्यांच्याकडं बैल उरले नाहीत त्यांच्या घरी मातीची जोडी पूजली जाते. आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाईला जातं. नदीला पहिला गढूळ पूर आला, की पोरी डोक्यावर कलश घेतात, पुढं पी-ढबाक वाजत असतो आणि अख्खी गल्ली टेकडीकडं निघते. पाणी देवळाच्या पायऱ्यांवर ओततात. मग गल्लीत मटणाचं जेवण. त्या शुक्रवारी कचेरीत दुपारनंतर फार कुणी दिसत नाही, आणि साहेबानं कोल्हापुरात दोन पावसाळे काढले असतील तर तो विचारतही नाही.

राहिला मोहरम. इस्लामी पंचांगात अधिक महिना नाही, म्हणून मोहरम दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो आणि साधारण बत्तीस-तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. फिरता फिरता तो भाद्रपदात सापडला, की चंद्र एकच असल्यामुळं गणपती बसल्यावर आठवडाभरातच मोहरमचा दहावा दिवस येतो, आणि सलग तीन वर्षं येतो. १९८५ ते ८७ आणि २०१८ ते २०२० असं झालं. कोल्हापुरात पंजे बसवणाऱ्या तालमींत हिंदू पोरं बहुसंख्य, घराण्यानं पीर सांभाळणारी मराठा घरं कितीतरी. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती आहे. त्यामुळं त्या वर्षांत एकाच मांडवात पंजा आणि गणपती शेजारी बसले. सकाळी आरती, रात्री फातेहा, वर्गणीची पावती एकच. कुरुंदवाडात तर पाच मशिदींत गणपती बसतो आणि १९८० च्या दशकापासून बसतो, मोहरम भाद्रपदात असो वा नसो. याचं कौतुक करताना बाहेरचे लोक सलोखा वगैरे शब्द वापरतात. तालमीतल्या पोरांची अडचण तेव्हा जास्त रोकडी असते: मांडवाला एकच जागा, ढोल एकच, आणि खांदे तेवढेच. गेल्या काही वर्षांत याच शहरानं दगडफेकही पाहिली आहे, तेव्हा फार गोड बोलण्यात अर्थ नाही. पुढचा योग २०५० च्या आसपास आहे.

या चंद्राच्या आणि सरकारच्या गर्दीत अंबाबाईचा एक सोहळा कुणाचंच ऐकत नाही. किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, एकेक उंबरा ओलांडत गाभाऱ्यात पोचतात आणि पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर पडतात, अशी रीत. हे सूर्याचं काम, म्हणून त्याला तिथी नाही, तारीख आहे: ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि पुन्हा जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला. देऊळ बांधणाऱ्यांनी इंग्रजी कॅलेंडर पाहिलं नव्हतं, पण त्यांचा सण त्याच कॅलेंडरात अचूक बसला. ढग, धुरळा, आणि किरणांच्या वाटेत उभी राहिलेली बांधकामं यांमुळं कधी किरणं कमरेपर्यंतच येऊन विरतात. मग दुसऱ्या दिवशी गावभर चर्चा, कुणाचा मजला आड आला.

२०२६ मध्ये अधिक महिन्यामुळं दिवाळी उशिरा आहे. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, पाडवा १० ला, भाऊबीज ११ ला, म्हणजे किरणोत्सव ऐन दिवाळीत. महाद्वार रोडवर तेव्हा खरेदीची झुंबड असते, आकाशकंदील दोन्ही बाजूंनी लोंबतात. किरणं पाचच्या सुमाराला आत शिरायला लागतात. ज्यांना बघायची आहेत त्यांनी चारलाच पोचावं, आणि महाद्वारासमोरच्या दुकानदारांनी तेवढ्या तीन संध्याकाळी कंदील जरा वर टांगावेत.